टर्बो की हेडचं काम? तेराशेच्या इंजिनातून ताकद काढताना

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, माझ्या शेडवर एक पोरगा आला होता. कॉलेजात असताना सुप्राची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रेसगाड्यांच्या स्पर्धेची, गाडी बनवलेली, आता कागलला एका कारखान्यात नोकरी. पगारातून पैसे साठवून त्यानं पाइपच्या सांगाड्याची, दोन सीटची एक गाडी उभी केलीय. सीटच्या मागे जुन्या मारुती एस्टीमचं इंजिन. माझ्याकडेही तसलीच गाडी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलेला. चहा यायच्या आत त्यानं विचारलं, "काका, टर्बो लावू की हेड करू?"

मी म्हटलं, "हेड कर."

त्याचा चेहरा पडला. त्याला टर्बोच ऐकायचं होतं. चार वर्षांपूर्वी मलाही तेच ऐकायचं होतं, आणि तेव्हा मला 'हेड कर' म्हणणाऱ्याचं मी ऐकलं नव्हतं. मी दोन्ही केलंय. आधी टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा. मग तो काढून हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं काम, हवेची वाट सुधारायचं. त्यामुळे एका शब्दात उत्तर देऊन त्याला वाटेला लावणं काही बरोबर झालं नाही. चहाच्या कपात न मावलेलं उत्तर इथं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझी गाडी रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवर बसून जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. तेव्हा पन्हाळ्याच्या चढाला किंवा गगनबावड्याच्या घाटात कशी ओढते, हे मला विचारू नका. ती पळते कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, आणि अलीकडे तळेगावजवळ नानोलीच्या ट्रॅकवर. कोइम्बतूर इथून नऊशे किलोमीटरच्या पुढे आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

इंजिन तुम्हाला माहीतच आहे. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, आणि ते उघडणारा एकच कॅम. एस्टीममध्ये होतं, २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्ये होतं, जिप्सीत तर अगदी शेवटपर्यंत होतं. एलजीबीच्या फॉर्म्युला गाड्याही, म्हणजे आपल्याकडच्या एका सीटच्या रेसगाड्या, याच्यावरच धावल्या. सैन्याच्या जिप्सींच्या कृपेनं याचे पार्ट अजून मिळतात, आणि जुनं इंजिन निवडताना माझ्या मते हाच अर्धा निर्णय असतो.

आता ताकद. हिशेब कंटाळवाणा वाटेल, पण सगळं भांडण त्याच्यातच आहे. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ७०२४ नं भागा, अश्वशक्ती मिळते. एस्टीमची ८५ अश्वशक्ती सहा हजार फेऱ्यांना धरली तर तिथं टॉर्क शंभराला टेकलेला निघतो. टर्बो काय करतो, फेरे तेवढेच ठेवतो आणि शंभराचे एकशे पस्तीस करतो. झाली ११५ अश्वशक्ती. हेड आणि कॅमचं काम शंभराला हात लावत नाही. फक्त तो शंभर सहा हजारांनंतर पडायचा तो पडू देत नाही, ७,२०० पर्यंत धरून ठेवतं. तिथं गुणाकार १०२ येतो.

म्हणजे एक रस्ता टॉर्कचा आणि दुसरा फेऱ्यांचा. टॉर्क वाढला की पिस्टन, हेड पॅकिंग आणि गिअरबॉक्स यांच्यावर येतं. फेरे वाढले की कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर. आणि हा दुसरा भार साधासुधा नाही, तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. सहा हजारांचे बहात्तरशे केले म्हणजे फेरे वाढले वीस टक्के, पण रॉडच्या बोल्टावरचा ताण वाढला चव्वेचाळीस टक्के. हे मुद्दाम सांगतोय, कारण हेडवाले लोक 'आमचं काही मोडत नाही' असं छातीठोकपणे सांगत फिरतात, आणि ते खरं नसतं.

टर्बोकडे येऊ.

माझा पहिला टर्बो भंगारातला. १.३ डिझेलवरचा तो छोटासा, हातात मावणारा. सगळे तिथूनच सुरुवात करतात, कारण तो स्वस्त असतो आणि 'तेराशेचा टर्बो तेराशेला' हे ऐकायला पटतं. पण डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड असतो. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर असताना एक्झॉस्ट नऊशे अंशांच्या पुढे जातो, आणि तेवढ्या तापासाठी डिझेलच्या टर्बोचं चाक बनवलेलंच नसतं. शिवाय तो फारच लहान. अडीच हजारांना फुगायचा आणि पाच हजारांनंतर त्याचाच श्वास कोंडायचा. मी तो दोन महिन्यांत काढला. मग पेट्रोल गाडीचा, चांगल्या अवस्थेतला एक सेकंडहँड टर्बो मिळवला. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोत नेणाऱ्या नळ्या, आपल्याकडेच आर्गन वेल्डिंगनं करून घेतला. वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बसवला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, ०.४ बारवर ठेवला. पिस्टनच्या रिंगांचा गॅप मूळपेक्षा थोडा मोकळा ठेवला, नाहीतर तापून रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ उचकटतो. तेलाच्या परतीचा पाइप जाड घेतला आणि सरळ उतारानं संपात, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, सोडला. हा पाइप बारीक असला किंवा त्याला कुठं पोट पडलं, तर तेल साचून टर्बोच्या सीलातून गळतं आणि लोक विनाकारण टर्बोला शिव्या घालतात.

एवढं केलं तर टर्बो टिकतो. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माझं इंजिन बसलं नाही, पॅकिंग उडालं नाही, पिस्टन वितळला नाही.

आणि ओढ? नादखुळा! माझी गाडी रिकामी ५६० किलोची आहे. तीन हजार फेऱ्यांपासून पाठीत जो दणका बसायचा, तो हेडवाल्या गाडीत मला आजही मिळत नाही. दुसरंही एक आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाची तेवढी ताकद घरातून निघायच्या आधीच गेलेली असते. टर्बो ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो. नुसत्या ताकदीचा मामला असता तर हा लेख इथंच संपला असता.

पण जोड निसटायचे.

टर्बोतून दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलरमध्ये जाते आणि तिथून थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला. माझ्या गाडीत या वाटेवर सिलिकॉनचे सहा जोड होते, म्हणजे बारा क्लिपा. कोइम्बतूरला पहिल्याच दिवशी, तिसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्त्यावर चौथा गिअर टाकला आणि मागून 'फुस्स' असा आवाज आला. पोतं फाटावं तसा. थ्रॉटलजवळचा जोड सुटला होता. हे इंजिन हवा दाबावरून मोजतं, त्यामुळे जोड सुटला तरी ते बंद पडत नाही, काळा धूरही ओकत नाही. नुसतं मूळ एस्टीम होऊन बसतं. दुरून बघणाऱ्याला वाटतं, हा आज सावकाश चालवतोय. वर फिल्टर वाटेतून सुटल्यामुळे ट्रॅकवरची धूळ थेट सिलिंडरात.

आत आलो, गाडीखाली शिरलो, तापलेल्या मॅनिफोल्डला कोपर लावून घेतलं, जोड बसवला, क्लिप आवळली. पुढच्या सेशनला दुसरा जोड सुटला.

यावर मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून शिकायला नको. क्लिपा जास्त आवळल्या, त्यांनी सिलिकॉन कापलं. मग चांगल्या, नटबोल्टाच्या रुंद क्लिपा आणल्या. फरक पडला, पण पुरता नाही. पाइपांच्या टोकांना बीडिंग, म्हणजे रबर अडकवणारी उठावाची कड, केलेलं नव्हतं, ते करून घेतलं. तरी महिन्याभरानं नानोलीला पुन्हा फुस्स. तेव्हा कुठं लक्षात आलं की जोडाच्या आतून तेलाचा पातळ थर असतो. क्रँककेसमधली वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या आधी सोडलेली होती. बूस्टखाली ती वाढते आणि तेलाचे बारीक थेंब सगळ्या नळ्यांना आतून लेप देतात. तेल लावलेल्या पाइपावर रबर कितीही आवळा, दाब आला की ते मागे सरकणारच. मग ते तेल वाटेतच अडवणारा डबा, कॅच कॅन, बसवला. जोड पेट्रोलनं पुसून, त्यावर हेअर स्प्रे मारून बसवायला लागलो. हे विनोदानं लिहीत नाही, जगभरचे टर्बोवाले हे करतात, तो वाळला की चिकटतो. घरात मात्र तीन महिने त्या बाटलीवरून बोलणी खाल्ली.

खरं कारण शेवटी सापडलं ते वेगळंच. इंटरकूलर सांगाड्याला घट्ट बसवलेला आणि इंजिन मऊ माउंटिंगवर. गॅस सोडला-दाबला की इंजिन दोन्ही बाजूंना झुलतं, आणि प्रत्येक झोक्याला जोड थोडा थोडा बाहेर ओढला जातो. कडक माउंटिंग टाकली. जोड सुटणं जवळजवळ थांबलं, पण आता अख्खा सांगाडा थरथरायला लागला. आरसे निरुपयोगी, गेजचे काटे धूसर, आणि रेडिएटरचं एक ब्रॅकेट तडकलं.

तोवर माझ्यात एक बदल झाला होता. वळणात शिरताना माझा एक कान कायम मागे असायचा. फुस्स होतंय का? प्रत्येक सेशनच्या आधी बाकीचे हेल्मेट घालायचे आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बारा क्लिपा तपासत असायचो. सेशन पंधरा मिनिटांचं, एक जोड सुटला की ते गेलं, आणि त्यासाठी आपण नऊशे किलोमीटर ट्रेलर ओढत आलेलो. मोठं काही मोडलं असतं ना, तर मी टर्बो कदाचित ठेवलाही असता. मोडलेलं बदलता येतं. इथं काही मोडतच नव्हतं.

कुणी म्हणेल, हा टर्बोचा दोष नाही, तुझ्या फिटिंगचा आहे. मान्य. कंपनीची टर्बो गाडी लाख किलोमीटर जाते आणि तिचा जोड सुटत नाही. पण तिथं पाइप, माउंटिंग, ब्रीदर हे सगळं एकत्र विचार करून बसवलेलं असतं. आपण शेडमध्ये एकेक वस्तू जोडत जातो. टर्बोत जोडायच्या वस्तू जास्त, एवढंच माझं म्हणणं आहे.

टर्बो उतरवला त्या आठवड्यात हेड घेऊन उद्यमनगरात मामांकडे गेलो. नातं काही नाही, अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांची हयात ऑइल इंजिनं, ट्रॅक्टर आणि जीपची हेडं करण्यात गेली. मी नेटवरचे फोटो दाखवले, पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, कसे मोठे आणि आरशासारखे करायचे ते. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि म्हणाले, "एवढं मोठं कशाला? वाऱ्याला बोळ पाहिजे, मैदान न्हवं."

या एका वाक्यात सगळं पोर्टिंग आलं. पोर्ट मोठा केला की हवेचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांना इंजिन मेल्यासारखं होतं. काम करायचं ते व्हॉल्व्हच्या सीटखाली, जिथं ओतकामाची कड आणि मशिनिंगची कड भेटतात आणि एक पायरी राहते. ती पायरी मारायची, मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडाशी जुळवायचं, आणि सीट तीन कोनात कापायची. मामांनी ते दोन दिवसांत केलं. पॉलिश केलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

मग हेड फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. अर्धा मिलिमीटर. ७४ मिलिमीटर बोअरला एवढ्यानं दोन सीसीच्या आसपास जागा कमी होते, आणि साडेनऊचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, दहाला जातं. इथं एक गोष्ट भले भले विसरतात. हेड खाली आलं की कॅमही क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टवरचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, साधारण एक अंश मागे पडतं. कमी-जास्त करता येणारी कॅम पुली नसेल, तर फेसिंगनं कमावलेलं थोडं इथं गळतं. कॅम कोइम्बतूरहून ग्राइंड करून आणला, फार टोकाचा नाही. नव्या स्प्रिंगा. रॉडचे बोल्ट नवे, यात कंजुषी नाही, वर सांगितलेले चव्वेचाळीस टक्के आठवा. बोअरला होनिंग, नव्या रिंगा, नव्या बेअरिंगा. एक्झॉस्टचा चार-दोन-एक मॅनिफोल्ड टर्बोवाल्या वेल्डरनंच केला. ईसीयू टर्बोचाच राहिला, नकाशा नवा घातला, म्हणजे कधी किती पेट्रोल टाकायचं त्याचा तक्ता.

गोळाबेरीज सांगायची तर टर्बोवर माझे सव्वादोन लाख गेले, हेडवर एक लाख दहा हजार. पण ईसीयू आधीच होता, म्हणून ही तुलना थोडी लबाड आहे. नव्यानं सुरू करणाऱ्यानं हेडच्या बाजूला पन्नासेक हजार आणखी धरावेत.

किती अश्वशक्ती निघाली? मी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली नाही. पुण्याला सोय आहे, पण एका डायनोचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि मला कुणाला दाखवायचा नव्हता. माझी मोजपट्टी वेगळी. करीच्या सरळ रस्त्याच्या शेवटी एक जाहिरातीचा फलक होता. टर्बोवर मला फलकाच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक लावावा लागायचा. आता मी फलक मागे टाकून ब्रेक लावतो. म्हणजे आता वेग कमी आहे, हे उघड आहे. शंभर-एकशे पाचच्या पुढे नसावी असा माझा अंदाज.

साडेतीन हजारांच्या खाली गाडीत जीव नाही, हेही सांगून ठेवतो. पिटमधून बाहेर पडताना दोनदा बंद पाडलीय, लोकांनी बघितलंय. आयडलला इंजिन खोकल्यासारखं करतं. पण साडेचार हजारांना कॅम जागा होतो. तिथून सात हजारांपर्यंत आवाज बदलत बदलत जो चढत जातो, त्यासाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

घड्याळावर टर्बोची सगळ्यात चांगली फेरी अजूनही दीड सेकंदानं पुढे आहे. दिवसाच्या फेऱ्या मोजल्या तर मात्र टर्बोच्या सगळ्यात चांगल्या दिवशी मी बावीस फेऱ्या मारल्या होत्या, आणि हेडवाल्या गाडीच्या पहिल्याच दिवशी एकसष्ट. संध्याकाळी गाडी पुसली आणि ट्रेलरवर चढवली. मित्रानं विचारलं, "आज लवकर?" मी बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढलाच नव्हता.

देखभाल नाही असं नाही. दर तिसऱ्या ट्रॅक डेनंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघतो, पाऊण तासाचं काम, फीलर गेज आणि एक पाना. वर्षातून एकदा बेल्ट. स्प्रिंगा दोन हंगामांनी बदलणार आहे, तुटायची वाट न बघता.

गिअरबॉक्सचं मी मघाशी ओझरतं बोललो. तो मूळचा शंभर-एकशे दहा न्यूटन मीटरसाठी बनवलेला. टर्बोचा टॉर्क त्याला सरळ सोसावा लागतो. गाडी हलकी असल्यानं थोडं निभावतं, कारण चाकं लवकर घसरून जागच्या जागी फिरतात आणि गिअरचे दात वाचतात. तरी तिसरा गिअर टाकताना मी जरा सांभाळूनच असायचो. फेऱ्यांवर कमावलेली ताकद गिअरबॉक्सला जवळजवळ कळत नाही. त्याला तोच जुना शंभर दिसतो, फक्त लवकर लवकर. माझ्या लेखी हा हेडच्या बाजूचा सगळ्यात ठोस मुद्दा आहे. पण निर्णय त्यानं झाला नाही, क्लिपांनी झाला, हे कबूल करतो.

आता तिसरी वाट, जिच्याबद्दल त्या पोरानं विचारलंच नाही. १९९९ ते २००७ मधल्या जुन्या बलेनोचं सोळाशेचं इंजिन. त्याच घराण्यातलं, १५९० सीसी, कंपनीतूनच ९४ अश्वशक्ती आणि १३० न्यूटन मीटर. गिअरबॉक्ससकट उचलायचं आणि बसवायचं. ना हेड, ना टर्बो. जिप्सीवाले हे इंजिन कधीपासून बसवतायत. विश्वासार्हतेबद्दल खरंच झोप उडत असेल तर डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं हेच करावं. मी केलं नाही, कारण त्याचा ब्लॉक उंच आहे आणि माझ्या सांगाड्याचा मागचा कमानीचा पाइप कापावा लागला असता. दुसरं म्हणजे त्याचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, आपल्या तेराशेचा साडेपंचाहत्तर. सात हजार फेऱ्यांना तेराशेचा पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटरच्या वेगानं धावतो, सोळाशेचा एकवीसच्या. त्यामुळे ते इंजिन खालून ओढतं, वर आनंदानं जात नाही. ट्रॅक्टरला शोभेल असा स्वभाव, असं मामा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी ती स्तुती होती. अडचण एवढीच की चांगल्या अवस्थेतलं बलेनो आता भंगारातही दुर्मीळ झालंय.

इंधनाचं थोडं. आपल्या जिल्ह्यात हे सांगायला मजा वाटते, कारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, तो टर्बोला आणि वाढवलेल्या कॉम्प्रेशनला दोघांनाही हवाच असतो. पण निव्वळ पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, नकाशात लिहिलेलं तेवढंच टाकतो. नकाशा जुन्या पेट्रोलचा असेल तर इंजिन कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी मिळतं. साध्या इंजिनात हे थोडी ताकद घालवून निभतं. बूस्टखाली ते पिस्टनवर जातं. एस्टीमच्या काळातल्या रबरी नळ्याही बदलून घ्या, इथेनॉल त्यांना आतून खातं. माझी एक हातात घेतल्यावर भिजलेल्या बिस्किटासारखी तुटली.

संपात तेल अडवणारा पत्रा म्हणजे बॅफल, तेलाच्या दाबाचा दिवा नव्हे तर काट्याचा गेज, आणि इंजिन मागे असेल तर रेडिएटरच्या लांब पाइपातल्या सगळ्यात उंच जागी हवा काढायची सोय, हे तिन्ही वाटांना सारखंच लागतं. त्यावर वेळ घालवत नाही. पण लांब उजव्या वळणात तेल पिकअपपासून, म्हणजे ते ओढणाऱ्या नळीपासून, दूर पळतं आणि दोन सेकंदांत बेअरिंग जातं. हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं टर्बोही लावू नये आणि हेडही करू नये.

कोल्हापूरला रेसिंगचं वेड नवीन नाही. मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, ध्रुव मोहित्यांचं नाव आहे, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आले. त्यांच्या मागे मेकॅनिकांची फौज असते. आपल्यासारख्याच्या मागे मामा असतात, लेथवाला असतो आणि आर्गनवाला असतो, तिघंही स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरात. हेडचं काम या तिघांना कळतं. फेसिंग, सीट, बोअर, होनिंग, हे त्यांचं रोजचं आहे. टर्बोचा नकाशा बिघडला की मात्र मला पुण्या-बंगळुरूच्या कुणाला तरी फोन लावावा लागायचा, आणि तो 'गाडी घेऊन या' म्हणायचा.

तरी कुणाला टर्बोच हवा असेल तर मी आडवा येणार नाही. सरळ रेषेत पळवायची असेल, ड्रॅग करायची असेल, तर हेडनं काही होणार नाही, टर्बोच घ्या. ज्याला गाडी चालवण्याइतकीच गाडीखाली झोपायचीही हौस आहे, त्यालाही टर्बो शोभतो, आणि असे लोक आपल्याकडे कमी नाहीत. माझा अनुभव एका गाडीचा आहे, एका माणसाच्या हातचा. दुसऱ्या कुणाच्या हातून तेच काम नीट होईलही.

त्या पोराला मी परवा फोन केला. त्याचं हेड अजून गाडीवरच आहे, मन अजून टर्बोवर. मी त्याला सांगितलं, माझा टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, नळ्या, सगळं शेडच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलंय. घेऊन जा, पैसे बघू नंतर. फक्त इंटरकूलर सांगाड्याला ठोकू नकोस, इंजिनालाच बसव, म्हणजे दोघं एकत्र झुलतील. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आणि क्लिपा त्या पोत्यात नाहीत, नव्या घे.